बँकेचा दावा आणि बेकारीतील हिशेब

क्रेडिट कार्डाच्या थकबाकीसाठी बँकेने माझ्याविरुद्ध ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात दावा लावला आहे. ऐरोलीतील नोकरी गेल्यापासून मी कळव्यात घरीच शिकवण्या घेते. त्यातून महिन्याला जेमतेम नऊ हजार रुपये हाती येतात आणि सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल व आईची औषधे यांतच ते संपतात. देणे मला नाकारायचे नाही. पण देणे मान्य आहे म्हणून दाव्यात मागितलेला प्रत्येक रुपया मान्य करावा, असे मात्र नाही.

समन्स घेऊन बेलीफ, म्हणजे न्यायालयाचा कर्मचारी, दारात आला तेव्हा शेजारच्या काकूंनी ‘घरात कोणी नाही म्हणून सांग’ असा सल्ला दिला. समन्स नाकारले, तर बेलीफ ते दारावर चिकटवू शकतो आणि न्यायालयाने ती बजावणी मान्य केली की दावा आपल्याशिवाय पुढे चालतो. म्हणून मी सही करून समन्स घेतले आणि आधी दाव्याचा प्रकार पाहिला. साध्या दाव्यात कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, देण्यासाठी ३० दिवस मिळतात. माझ्यावरील दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खालचा, म्हणजे समरी सूट (झटपट निकालाचा दावा) आहे. त्यात समन्स मिळाल्यापासून १० दिवसांत हजेरी नोंदवावी लागते, नाही तर दाव्यातील मजकूर कबूल आहे असे धरून थेट हुकूमनामा (पैसे देण्याचा न्यायालयाचा आदेश) होऊ शकतो. हजेरीनंतर बँक निकालासाठी दुसरे समन्स बजावते आणि त्यापासून १० दिवसांत, आपल्याला बचाव का करू द्यावा हे सांगणारा अर्ज प्रतिज्ञापत्रासह द्यावा लागतो.

वकिलाच्या फीची चिंता कोर्ट नाक्यावरच मिटली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. पुरुषांसाठी महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे वार्षिक तीन लाखांची उत्पन्नमर्यादा आहे आणि त्यासाठी तहसीलदारांचा दाखला जोडावा लागतो. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत व्याजदराबद्दलची माझी तक्रार बाजूला ठेवायला लावली. व्याज फार जास्त आहे एवढ्या कारणावरून न्यायालयाने बँकेचा व्यवहार पुन्हा उकलू नये, असे बँकिंग नियमन कायद्याचे कलम २१अ सांगते. शिवाय कार्डावरील व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा निर्णयही सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. लढायचे ते खातेउताऱ्यावर. तो महिन्यामागून महिना तपासताना दिसले की लेट फी आणि तिच्यावरील १८ टक्के जीएसटी मूळ बाकीत मिसळून पुढच्या महिन्यात त्या सगळ्यावर व्याज लावले आहे. न भरलेले शुल्क आणि कर यांवर व्याज चढवू नये, असे रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशात स्पष्ट म्हटले आहे. बचावाच्या अर्जाचा गाभा हाच राहील.

वसुलीवाल्याने फोनवर ‘मॅडम, वॉरंट निघेल’ असे ऐकवले होते. (सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर असे फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, हा फोन रात्री साडेनऊला आला.) थकबाकीचा दावा हा फौजदारी खटला नव्हे. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करता येत नाही. शिवाय ऐपतच नसलेल्या कोणालाही केवळ पैसे दिले नाहीत म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. हुकूमनामा झाला, तरी वसुलीसाठी बँकेला वेगळी दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करावी लागते. पगारातील पहिले हजार रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोनतृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. सोळा हजार पगार असेल, तर जास्तीत जास्त पाच हजारच अडकवता येतात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि भविष्य निर्वाह निधी यांनाही हात लावता येत नाही. बँकखाते मात्र गोठू शकते, याची जाणीव ठेवलेली बरी.

लोकअदालतीत तडजोड करावी, असे बँकेचे वकील सुचवत आहेत. तिथल्या निवाड्यावर अपील नसते आणि कबूल केलेला हप्ता चुकला, तर थेट दरखास्तच येते. त्यामुळे महिना पाच हजारांचा त्यांचा प्रस्ताव मी मान्य केलेला नाही. लेट फी आणि तिच्यावरील व्याज वजा करून उरलेल्या रकमेवर, नोकरी लागेपर्यंत महिना एक हजार आणि त्यानंतर वाढीव हप्ता, असे लेखी म्हणणे वकीलबाईंनी तयार केले आहे. पुढील तारखेला ते बचावाच्या अर्जासोबत सादर होईल.