चोर्ला घाटासाठी कॅरियर निवडताना

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरून सायकलने गोव्यात जायचे ठरले, तेव्हा तंबू, रेनकोट आणि स्वयंपाकाचे किरकोळ जिन्नस धरून सामान १५ किलोंच्या आसपास गेले आणि कॅरियरचा शोध सुरू झाला.

दुकानदाराने आधी सीटच्या दांड्याला क्लॅम्पने आवळायचा कॅरियर दाखवला. तो बसवायला सोपा असला, तरी सगळा भार एकाच क्लॅम्पवर येतो आणि एका बाजूची बॅग जड झाली की तो दांड्याभोवती फिरू लागतो, म्हणून तो लगेच बाद केला. ॲल्युमिनियमचा कॅरियर वजनाला हलका. पण सततच्या हादऱ्यांनी त्याला तडा गेला, तर टिग वेल्डिंग करणारा शोधावा लागतो आणि जोडल्यावरही सांध्यालगतचा धातू मऊ पडतो. पोलादी नळी मात्र खानापूरसारख्या गावातही जोडून मिळते, त्यामुळे माझा कल पोलादाकडे होता.

उद्यमबागेतील ओळखीचे फॅब्रिकेटर म्हणाले, "विकत कशाला घेताय, सर? चौकोनी बारचा करून देतो, पोतं टाकलं तरी वाकायचा नाही." ते खरेच होते, परंतु बॅगांचे हुक १० ते १२ मिलिमीटर जाडीच्या गोल नळीसाठी बनवलेले असतात आणि चौकोनी बारवर ते नीट बसत नाहीत.

खरी अडचण डिस्क ब्रेकची निघाली. चकती दाबणारा ब्रेकचा भाग, म्हणजे कॅलिपर, आड येत असल्याने कॅरियरचा डावा पाय फ्रेमपासून दूर ठेवावा लागतो आणि त्यासाठी बरेच जण मध्ये स्पेसर (अंतर राखणारी पोकळ नळी) घालून लांब बोल्ट लावतात. पाय फ्रेमला थेट टेकलेला असेल, तर बोल्टवर मुख्यतः कातरणारा भार येतो. मध्ये फट राहिली, तर तोच पाच मिलिमीटरचा बोल्ट प्रत्येक खड्ड्यात वाकू पाहतो आणि एक दिवस फ्रेमलगत तुटतो. म्हणून ज्याचा पाय वरच्या बाजूला बाहेर वळवलेला आहे, पण खालची पट्टी फ्रेमच्या भोकावर सपाट बसते, असा २५ किलो क्षमतेचा पोलादी कॅरियर मी निवडला. बॅगा लटकवायची दांडी खालच्या पातळीवर आणि थोडी मागे असल्याने पॅडल मारताना टाचही बॅगेला लागत नव्हती.

बोल्ट स्टेनलेसचे न घेता ८.८ ग्रेडचे घेतले, कारण त्यांची ताकद अधिक असते. गंज धरू नये म्हणून ग्रीस मात्र अधूनमधून लावावे लागते. जांबोटीच्या पुढच्या खडबडीत रस्त्यानंतर कणकुंबीत थांबून चार मिलिमीटरच्या ॲलन कीने सगळे बोल्ट तपासले, तेव्हा वरच्या दोन पट्ट्यांचे बोल्ट प्रत्येकी पाव आटा सैल झाले होते.