बोल्टची दांडी आणि जीपची दांडी

१८९८ सालच्या माउझर रायफलीला आजच्या बहुतेक शिकारी बोल्ट-रायफलींची आजी म्हणायला हरकत नाही. तिच्या बोल्टच्या, म्हणजे दांडीने मागे-पुढे सरकणाऱ्या पोलादी दट्ट्याच्या, तोंडाशी असलेले दोन दणकट खुंट चेंबरजवळच्या (काडतूस बसते त्या पोकळीजवळच्या) खाचांत अडकून बार उडतानाचा सगळा दाब सोसतात. मागचा तिसरा खुंट केवळ खबरदारीचा. दांडी ९० अंश वर उचलली की हे खुंट सुटतात, त्याच हालचालीत स्प्रिंग दाबत फायरिंग पिन (काडतुसावर आघात करणारी सुई) मागे सरकते, आणि उचल संपता संपता दांडीचे मूळ एका तिरप्या कडेवर घासून, चेंबरला घट्ट चिकटलेली रिकामी पुंगळी केसभर मागे खेचते. मला तरी हा केसभराचा खेच साऱ्या यंत्रणेतला सर्वांत हुशार भाग वाटतो.

माझ्या जुन्या जीपमधील ट्रान्सफर केसच्या (इंजिनाची ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांकडे वाटणाऱ्या पेटीच्या) दांडीचे गणित वेगळे आहे. फोर-व्हील लावताच पुढचा आणि मागचा प्रॉपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारे फिरते दांडे) एकमेकांना जखडले जातात. चिखलात चाके थोडी घसरतात म्हणून ते खपून जाते, पण कोरड्या डांबरावर वळणे घेतली की शाफ्टमध्ये पीळ साठतो आणि दांडी जागची हलत नाही. अशा वेळी तिच्याशी कुस्ती न खेळता गाडी सरळ रेषेत थोडी मागे घ्यावी. पीळ उतरतो आणि दांडी दोन बोटांनी सुटते.