लेकीचा जर्मनीचा खर्च: किती आणि कधी

मुलगी जर्मनीला शिकायला गेली म्हटल्यावर नाशिकमध्ये पहिला प्रश्न येतो, "एकूण किती लागले हो?" शाळेच्या स्टाफरूमपासून गंगापूर रोडच्या भाजीवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. आकडा मी सांगतेही. पण आमचा खरा जीव खाल्ला तो तारखांनी. कुठला पैसा कुठल्या पैशाच्या आधी लागतो, याचा नीट अंदाज आधी आला असता तर रात्रीच्या बऱ्याच झोपा वाचल्या असत्या.

मी शिक्षिका, हे सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. लेकीला ऑक्टोबर 2025 च्या सेमिस्टरला मास्टर्ससाठी पूर्व जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळाला. तिथे शिकवणी फी नाही. (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र आपल्या मुलांकडून सेमिस्टरला 1,500 युरो घेतात, म्हणून ते राज्य आम्ही यादीतूनच काढलं.) खर्च सगळा राहण्याखाण्याचा, आणि गंमत म्हणजे तो व्हिसाच्या आधी भरून दाखवायचा. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे आधी पैसे भरून ठेवायचे आणि तिथे गेल्यावर महिन्याला ठरलेला हप्ताच सुटतो अशा खात्यात, 11,904 युरो, म्हणजे महिन्याला 992 प्रमाणे वर्षाचे. युरो तेव्हा शंभरीच्या आसपास होता. बारा लाख धरा. पदवीची कागदपत्रं तपासून घेण्याचे, म्हणजे एपीएस प्रमाणपत्राचे, 18,000 रुपये त्याच्याही आधी गेले होते.

एवढी रक्कम घरात नव्हती. सासरे निफाडला असतात, द्राक्षबाग आहे. आण्णा म्हणाले, "सातबारा घेऊन जा, नातीसाठी लावा गहाण." बँकेतल्या साहेबांनी सातबारा उघडलासुद्धा नाही. "मॅडम, शेतजमीन तारण चालत नाही. फ्लॅट किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट आहे का?" कारण विचारलं तेव्हा कळलं की सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही. कर्ज थकलं तर कोर्टात न जाता तारण विकण्याची सोय बँकेला तिथे मिळत नाही. आण्णांना हे सांगितलं तर ते उखडलेच. "पीककर्जाला हीच जमीन चालते ना त्यांना?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग राहिला इंदिरानगरचा राहता फ्लॅट. तो आम्ही रिसेलमध्ये घेतलेला. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी मालकीच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढला आणि आधीच्या मालकाचा बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा मागितला. आमच्याकडे आमचं खरेदीखत आणि इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) होतं, पण त्या जुन्या कराराची झेरॉक्सच होती. मूळ प्रत त्या गृहस्थांकडूनच घर बदलताना हरवलेली. मग त्यांना घेऊन पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद, स्थानिक दैनिकात वकिलांमार्फत जाहीर नोटीस, हरकतीची मुदत संपायची वाट, दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल. रिसेलच्या घरात राहणाऱ्यांनी मुलं बारावीत असतानाच कपाटातली फाइल उघडून कागदांची साखळी पूर्ण आहे का ते बघावं. प्रवेशाचं पत्र आल्यावर हे काम काढलं तर व्हिसाची घाई डोक्यावर असते.

कर्जाचं मंजुरीपत्र आलं तेव्हा घरात पेढे आले. पण मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. गहाणखताची नोंदणी, मुद्रांक शुल्क, मूल्यांकनाची फी, वकिलांची फी हे सगळं खिशातून, आणि आमच्या हिश्शाचं पंधरा टक्के मार्जिनही आधी भरायचं. त्यानंतरच कर्जाची रक्कम सुटली.

पाठवताना दोन गोष्टी मी अडून बसून करून घेतल्या. एक, दर. बँक जो दर लावते तो टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा चढा असतो, आणि बारा हजार युरोंवर एका रुपयाचा फरक म्हणजे बारा हजार रुपये. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, दर वरून येतो." मी म्हटलं, वर विचारा. विचारल्यावर थोडा उतरला. दुसरी, मधल्या बँकांचं शुल्क. परदेशी पैसे पाठवण्याच्या ए-टू फॉर्मबरोबर ते पाठवणाऱ्याच्या माथी घ्यायला सांगितलं नाही, तर वाटेत काही युरो कापले जातात, रक्कम 11,904 ला कमी पडते आणि खातं भरल्याचं पत्र मिळत नाही. टीसीएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक जो कर घेते त्याची, मात्र धास्ती उगाच होती. एप्रिल 2025 पासून बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तो लागत नाही, आणि स्वतःच्या पैशांतून पाठवले तरी वर्षाला दहा लाखांपर्यंत नाही.

मुंबईतली व्हिसाची फेरी पंचवटीने जाऊन झाली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खरी तारांबळ पोहोचल्यावरच्या पहिल्या महिन्यात. ब्लॉक्ड अकाउंटमधला पैसा आपलाच, पण तिथलं साधं खातं उघडून ते जोडल्याशिवाय 992 चा हप्ता सुटत नाही. त्यासाठी शहरात पत्त्याची नोंदणी हवी, आणि तिची वेळ लगेच मिळेलच असं नाही. दरम्यान खोलीचं डिपॉझिट (कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागू शकतात), पहिलं भाडं, सेमिस्टरची वर्गणी, उशी-रजई-कुकर, सगळं एकाच पंधरवड्यात. म्हणून वेगळे अडीच हजार युरो फॉरेक्स कार्डावर आणि थोडे रोख दिले होते. ते नसते तर लेक स्वतःच्या बारा लाखांकडे बघत बसली असती.

आता दर महिन्याचं गाडं रुळावर आहे. भाड्याला तीनशेच्या वर थोडे, आरोग्य विम्याला 145 च्या आसपास. रेडिओ-टीव्हीची सक्तीची वर्गणी 18.36 युरो, ती एका घराला एकच, म्हणून तिघी वाटून भरतात. प्रवासाचा पास सेमिस्टरच्या वर्गणीतच येतो. किराणा आणि इतर मिळून तीनशे. रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारी आठवडी बाजार. सुरुवातीला मी फोनवर प्रत्येक गोष्ट शंभराने गुणायचे. "तीनशे रुपयांची कॉफी?" लेकीनेच एकदा ठणकावलं, "आई, तू गुणाकार केलास तर मी जेवायचीच नाही." बरोबर होतं तिचं. डोक्यात रुपये ठेवून तिथे राहता येत नाही. गुणाकार मी कर्जाच्या व्याजापुरता ठेवलाय. ते व्याज आम्ही परतफेडीची मुदत सुरू व्हायची वाट न बघता दरमहा भरतोय. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची आयकरातली कलम 80ई ची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते, हेही इथे सांगून ठेवते.

नोकरीचं म्हणाल तर वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करायची मुभा आहे. पण पहिल्या सेमिस्टरला जर्मन अडखळत असताना मिळतात ती कामं गोदामातली, तीही परीक्षेच्या तोंडावर. "तिकडे गेल्यावर कमावेल" या भरवशावर कुणी हिशेब मांडत असेल तर मी तरी त्याला आधी चहा पाजून बसवीन.

सध्या दुसऱ्या वर्षाची तयारी चालू आहे. राहण्याचा परवाना वाढवताना पुढच्या काळाचे पैसे पुन्हा दाखवावे लागतात, आणि कर्जाचा दुसरा हप्ता सोडायला बँकेला पहिल्या सेमिस्टरचे निकाल हवेत. लेकीने गुणपत्रक पाठवलंय. सोमवारी ते घेऊन शाखेत जायचंय, आणि यावेळी दर मी आदल्या दिवशीच विचारून ठेवणार आहे.