हिवाळ्यात गरुडांचे फोटो: खासगी शिकवणीत नेमकं काय शिकायचं

उडत्या गरुडाचा फोटो बिघडला की बहुतेक जण आधी लेन्सवर संशय घेतात. खरी अडचण वेगळी असते. फ्रेम बिघडली हे दिसतं, कशानं बिघडली हे कळत नाही. फोकस चुकला, हात हलला, शटर स्पीड कमी पडला की मधली हवाच थरथरत होती? कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे चारही दोष जवळपास सारखे दिसतात आणि चौघांचे उपाय वेगळे आहेत. खासगी शिकवणीचे पैसे मोजायचे ते या निदानासाठी. सेटिंगचे आकडे कुठेही वाचायला मिळतात.

हिवाळाच का, तर थंड प्रदेशात तळी आणि नद्या गोठल्या की मासे खाणारे गरुड उरलेल्या उघड्या पाण्यापाशी गोळा होतात. धरणाखालचं वाहतं पाणी सहसा गोठत नाही, आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेले जखमी, अर्धमेले मासे वर येतात. अमेरिकेत मेरीलँडमधल्या कोनोविंगो धरणाखाली आणि मिसिसिपी नदीवरच्या धरणांपाशी बाल्ड ईगल (पांढऱ्या डोक्याचे गरुड) जमतात ते यासाठीच. अलास्कात हेन्सजवळ चिलकॅट नदीचा एक पट्टा तुलनेनं उबदार भूजलामुळे उघडा राहतो, आणि तिथे चम जातीचे सामन मासे वर्षाच्या शेवटी येतात. जपानमध्ये रौसूच्या किनाऱ्यावर फेब्रुवारीत तरंगत्या बर्फावर स्टेलर्स सी ईगल बसलेले असतात. झाडांना पानं नसतात, सूर्य दिवसभर खाली असतो आणि बर्फावरून परतलेला उजेड पंखांच्या खालच्या बाजूला पोचतो. हे फायदे उन्हाळ्यात मिळत नाहीत.

शिकवणारा निवडताना त्याचे उत्तम दहा फोटो पाहून फार काही कळत नाही. तीन गोष्टी थेट विचाराव्यात. शिकवण्याच्या वेळात तो स्वतः फोटो काढतो का? तुमच्या कंपनीच्या कॅमेऱ्याचा मेनू त्याच्या बोटांवर आहे का? आणि तो गरुडांना मासे टाकून जवळ बोलावतो का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असंच हवं. पक्षी दहा सेकंदांत समोरून जातो. तेवढ्यात शिकवणाऱ्याचा डोळा स्वतःच्या व्ह्यूफाइंडरला लागलेला असेल, तर तुमची कोपरं कुठे होती आणि बटण किती उशिरा दाबलंत हे त्याला दिसणारच नाही. जाण्याआधी त्याला वीस-पंचवीस मूळ रॉ फाइल्स (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या) पाठवा आणि त्यात बिघडलेल्याच जास्त असू द्या. त्यावरून कुठून सुरुवात करायची ते तो ठरवतो.

मैदानावरचा पहिला अर्धा तास एक्सपोजरला द्यावा, कारण बाल्ड ईगल हा कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला चकवणारा पक्षी आहे. अंग गडद तपकिरी, डोकं आणि शेपूट पांढरंशुभ्र. मागे काळपट झाडी आली की ऑटो मोड उजेड वाढवतो आणि डोक्याची पिसं पांढऱ्या डागासारखी सपाट होतात. तोच पक्षी दोन सेकंदांनी राखाडी आभाळासमोर आला की कॅमेरा उजेड कमी करतो आणि गरुडाची नुसती काळी आकृती उरते. या दोन सेकंदांत पक्ष्यावरचं ऊन मात्र तसूभरही बदललेलं नसतं. म्हणून पूर्ण मॅन्युअल: शटर, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) तिन्ही हातानं ठरवायचं. ऑटो आयएसओ चालू ठेवून मॅन्युअल केल्यास तीच चूक मागच्या दारानं परत येते.

स्वच्छ ऊन पाठीशी असेल तर आयएसओ ४००, अ‍ॅपर्चर एफ/५.६, शटर १/३२०० सेकंद इथून सुरुवात करा. मग समोर उडणाऱ्या एखाद्या सीगलचा फोटो घ्या. तो पांढरा असतो, त्याच उन्हात असतो आणि दर मिनिटाला समोरून जातो. यापेक्षा चांगलं चाचणीचं साधन तिथे नाही. हायलाइटची (पांढरा भाग जळाल्याची) सूचना लुकलुकत असेल तर ती थांबेपर्यंत एकतृतीयांश स्टॉपनं खाली या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). सूर्य अगदी क्षितिजालगत असेल तर उलट एखादा स्टॉप वर जावं लागतं. ढगाळ दिवशी १/२००० आणि आयएसओ १६०० ते ३२०० लागतो, आणि त्याला घाबरण्याचं कारण नाही. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर कमी करता येतो, जळालेलं डोकं परत येत नाही. ढग येत-जात असतील तर शटर आणि अ‍ॅपर्चरला हात न लावता फक्त आयएसओची चकती फिरवायची. ही एक सवय लागली तरी शिकवणी वसूल झाली असं माझं मत आहे.

अंतराबद्दल मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. फुल-फ्रेम (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ६०० मिमी लेन्स असेल तर ३० मीटरवर आडव्या फ्रेममध्ये फक्त १.८ मीटर रुंदी मावते. बाल्ड ईगलचे पसरलेले पंख साधारण १.८ ते २.३ मीटर भरतात, म्हणजे टोकं कापली जाणारच. शिवाय त्या अंतरावर एफ/५.६ला सुमारे ८० सेंटीमीटर एवढाच भाग स्पष्ट राहतो. पक्षी वळताना डोळा स्पष्ट आणि जवळचा पंख पुसट होतो. ५० मीटरवर फ्रेम ३ मीटर रुंद होते आणि स्पष्ट पट्टा दोन मीटरच्या पुढे जातो. उडत्या पक्ष्याला हेच अंतर बरं. म्हणून १५०-६०० किंवा २००-६०० सारखी झूम लेन्स शिकण्यासाठी झूम नसलेल्या लेन्सपेक्षा सोयीची आहे, आणि लेन्सची पोच वाढवणारा टेलिकन्व्हर्टर पहिल्या दिवशी बॅगेतच राहू द्यावा. १.४ पटीचा कन्व्हर्टर एक स्टॉप उजेड खातो आणि फ्रेम आणखी अरुंद करतो.

पक्षी लेन्समध्ये सापडणं हे वेगळंच कौशल्य आहे. नजर पक्ष्यावरून न हलवता लेन्स डोळ्यापर्यंत वर आणायची. लेन्सकडे पाहिलंत की पक्षी हरवला. झूम २०० ते ३००वर ठेवून पक्षी पकडा आणि मग आत जा. पाय मात्र पक्षी जिथे पोचणार आहे त्या दिशेला रोवलेले हवेत, म्हणजे कमरेतून वळताना शेवटच्या, महत्त्वाच्या क्षणी शरीर मोकळं असतं. उलट उभं राहिलं तर नेमका तिथेच पीळ बसतो आणि पॅनिंग (पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवणं) अडखळतं. ते का नडतं, हे आकड्यांत पाहा. सेकंदाला १५ मीटर वेगानं जाणारा गरुड १/२००० सेकंदात साडेसात मिलिमीटर पुढे सरकतो. ५० मीटरवर, ६००० पिक्सेल रुंद फोटोत, ती पंधरा पिक्सेलची रेघ होते. ती पुसून टाकायचं बरंचसं काम पॅनिंग करतं. शटर उरलेलं सांभाळतो.

फोकससाठी सलग मोड, बॅक बटण (फोकस मागच्या बटणानं) आणि पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय चालू. आभाळ मागे असेल तर मोठं क्षेत्र चालतं, झाडी मागे असेल तर छोटं. लेन्सवर फोकसची मर्यादा ठरवणारी कळ असेल तर जवळचं अंतर बंद करून टाका, म्हणजे फोकस चुकला तरी लेन्स पायाजवळून अनंतापर्यंत फिरत बसत नाही. पक्षी येणार त्या अंतरावरच्या एखाद्या खडकावर आधीच फोकस करून ठेवा. कॅमेऱ्याचा सेन्सर संथ वाचणारा असेल तर मेकॅनिकल शटर वापरा. इलेक्ट्रॉनिक शटरनं फडफडते पंख वाकडे येतात.

आता वारा. गरुड शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून बसतो, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं उडी घेतो आणि मासा उचलतानाही वाऱ्याला सामोरा येऊन वेग कमी करतो. वारा तुमच्या पाठीशी असेल तर पक्षी तुमच्याकडे येतो. वारा तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्यांचे फोटो मिळतात. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी ही सर्वांत चांगली जागा. पण उत्तर गोलार्धातल्या हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला आणि बोचरा वारा पुष्कळदा उत्तरेकडून, असं जमतं. अशा वेळी ऊन पाठीशी ठेवायचं, पक्षी आडवा जाईल असा कोपरा शोधायचा आणि तो वळण घेण्याची वाट पाहायची. कुठला काठ कुठल्या वाऱ्याला चालतो हे स्थानिक प्रशिक्षकाला पाठ असतं, आणि एकट्यानं ते शिकायला हिवाळे जातात. बसलेल्या पक्ष्याकडून इशाराही मिळतो. तो पुढे झुकतो, पिसं अंगाला चिकटवतो, आणि उडण्याच्या थोडं आधी पुष्कळदा विष्ठा टाकतो. ती दिसली की बोट बटणावर. कॅमेऱ्यात प्री-कॅप्चर (बटण पूर्ण दाबण्याआधीच्या फ्रेम साठवणारी सोय) असेल तर त्याचा खरा उपयोग इथे आहे.

थंडीतला सर्वांत फसवा दोष गाडीत सुरू होतो. हीटर चालू, काच खाली, लेन्स बाहेर: खिडकीपाशी गरम आणि थंड हवा मिसळते आणि प्रत्येक फ्रेम किंचित विरघळल्यासारखी येते. उबदार लेन्सच्या हूडमध्येही हेच घडतं. हीटर बंद करा आणि लेन्स वापरण्याआधी अर्धा तास बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. ऊन चढल्यावर पाण्यावर किंवा बर्फावर हवा थरथरायला लागली तर त्याला उपाय नाही. जवळ येणाऱ्या पक्ष्याचीच वाट पाहायची. बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवा; गारठून संपलेली बॅटरी ऊब मिळाली की थोडी परत चालते. घरात शिरण्याआधी मेमरी कार्ड काढून घ्या आणि कॅमेरा हवाबंद पिशवीत घालून पिशवी तास-दोन तास उघडू नका, नाहीतर काचेच्या आत दव धरतं.

दुपारी लॅपटॉपवर बसणं हा शिकवणीचा गाभा आहे, आणि बरेच जण तो वेळ वाचवून आणखी फोटो काढायला जातात. १०० टक्के मोठं करून पाहिलं की दोष बोलायला लागतात. मागची फांदी स्पष्ट आणि पक्षी पुसट: फोकस मागे गेला. सगळं एकाच दिशेनं ओढलेलं: हात. डोळा स्पष्ट, पंखाची टोकं पुसट: अंतर कमी किंवा शटर कमी, आणि फरक कडांवरून कळतो, हालचालीचा पुसटपणा दिशा दाखवतो, फोकसचा दाखवत नाही. कशाचीच कड धड नाही, फांद्याही दुहेरी दिसतात: हवा. बर्स्टमधल्या (सलग झपाट्यानं काढलेल्या फोटोंमधल्या) पहिल्या तीन फ्रेम वाईट आणि पुढच्या चांगल्या असतील तर पक्षी उशिरा पकडला. आधी चांगल्या आणि मग वाईट असतील तर मागे झाडी आल्यावर फोकस पक्ष्याला सोडून तिकडे गेला. दुपारचं सत्र मग त्यातल्या एकाच दोषावर करायचं, दोन नकोत.

मासे टाकण्याचा प्रश्न वर आला तो यासाठी. रौसूत बोटींवरून मासे टाकले जातात आणि तिथले बरेच फोटो तसेच मिळालेले असतात. मला ते पटत नाही, आणि शिकण्याच्या दृष्टीनंही ते नुकसानीचं आहे: पक्षी कुठून येणार हे आधीच माहीत असेल तर वारा वाचायला तुम्ही शिकत नाही. अमेरिकेत १९४०च्या कायद्यानं बाल्ड ईगलला त्रास देणंही गुन्हा आहे. हिवाळ्यात प्रत्येक उड्डाण पक्ष्याच्या साठवलेल्या ताकदीतून जातं. तो उंच मान करून तुमच्याकडेच पाहायला लागला, पाय बदलायला लागला की तिथेच थांबा. गाडीत बसलेला माणूस गरुडाला पायी येणाऱ्यापेक्षा बराच चालतो, म्हणून उतरायची घाई नको. हिवाळ्याच्या शेवटी घरट्यांवर जोड्या दिसतात; तिथे चांगला प्रशिक्षक तुम्हाला नेणारच नाही.

घरी आल्यावर घारी, कावळे, बगळे कुठलाही पक्षी चालतो. रोज पंधरा मिनिटं नुसतं पॅनिंग करा, आणि महिन्याभरानं त्याच प्रशिक्षकाला पुन्हा वीस फाइल्स पाठवा. प्रत्येकीखाली तुमचं निदान आधी लिहा, त्याचं नंतर मागा. जिथे दोन्ही जुळत नाहीत त्या फाइल्स पुढच्या हिवाळ्यापर्यंत वेगळ्या ठेवा आणि पुढची शिकवणी तिथून सुरू करा.