तुम्ही विचारलंत म्हणून: लसण्याचा गुण येतो का?

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, दवाखान्याच्या रांगेत विचारतात, आणि एकदा तर तर्री-पोह्याच्या गाड्यावर, तोंडात घास असताना विचारला. कारण एवढंच की नागपूरला इतवारीच्या सराफ्यात माझं खडे बसवायचं टेबल आहे. आधी ते बाबांचं होतं. खडा बसवणाऱ्याला खड्याच्या पोटातलं ठाऊक असणार, असं लोकांना वाटतं. थोडंफार आहे.

लसण्या, म्हणजे इंग्रजीतला कॅट्स आय, हा क्रिसोबेरिलचा खडा. बेरिलियम, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचं खनिज. काठिण्य 8.5, म्हणजे माणिक-नीलमच्या खालोखाल. सगळ्याच क्रिसोबेरिलमध्ये डोळा, म्हणजे मांजराच्या डोळ्यासारखी उजेडाची रेघ, नसतो. ज्याच्या पोटात केसाहून बारीक सुया किंवा पोकळ नळ्या हजारोंनी एकाच दिशेला निजलेल्या असतात, त्यातच तो दिसतो. रेशमाचं रीळ उन्हात धरा: दोरा आडवा गुंडाळलेला असतो आणि चमक मात्र उभी पडते. इथेही तसंच. सुया एका दिशेला, प्रकाशाची रेघ त्यांना काटकोनात.

पण ही रेघ कच्च्या खड्यात नीट दिसत नाही. तो घुमटासारखा गोल घासावा लागतो आणि घुमटाचा तळ सुयांना समांतर यावा लागतो. घासणाऱ्याचा हात जरा चुकला की डोळा एका बाजूला सरकतो आणि खडा तिरळा होतो. मग कितीही महाग माल असो, गेला. वैडूर्य हे लसण्याचं जुनं नाव. व्याकरणकार पाणिनी ते विदूर गावावरून आलं असं सांगतो. त्यावर पतंजलीने शंका काढली आहे की खडा निघतो वालवाय डोंगरात, विदूरात तर त्याच्यावर नुसते संस्कार होतात. म्हणजे नाव खाणीचं नाही, कारागिरांच्या गावाचं! बाबांना हे कळलं असतं तर त्यांनी टेबलावर लिहून ठेवलं असतं. (एका गिऱ्हाइकाने वैडूर्य हे विदर्भावरून आलं असं माझ्याशी भांडून सांगितलं होतं. आपल्याकडे मनसरला मँगनीज निघतं, उमरेडला कोळसा निघतो. लसण्या हवा तर केरळ नाहीतर श्रीलंका गाठा.) जुन्या काळी वैडूर्य म्हणजे बहुधा बेरिल, हा वेगळाच दगड, असं बरेच अभ्यासक मानतात. बेरिल हा शब्दही प्राकृतातल्या वैडूर्यावरूनच ग्रीकांकडे गेला आणि जर्मनांच्या चष्म्यापर्यंत, ‘ब्रिल’पर्यंत, पोचला.

चांगला लसण्या ओळखायचा तर दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबखाली बघू नका. एकच टॉर्च घ्या, बाजूने मारा. खड्याचा उजेडाकडचा अर्धा भाग मधासारखा दिसतो, पलीकडचा दुधासारखा. खडा फिरवला की मध आणि दूध जागा बदलतात. दोन टॉर्च दोन बाजूंनी धरून खडा फिरवला, तर एका रेघेच्या दोन होतात, परत मिटून एक होते. डोळा उघडतो, मिटतो. चाळीस वर्षं बघतोय, तरी मी गिऱ्हाईक नसताना हा खेळ करतो. रसरत्नसमुच्चय या रसशास्त्राच्या जुन्या ग्रंथात चांगल्या वैडूर्याचं लक्षण दिलं आहे: गर्भात पांढरं उपरणं फिरत असल्यासारखा. त्या माणसाने खडा नक्की हातात धरून हलवला असणार.

आता गुण. त्याच ग्रंथात वैडूर्य रक्तपित्तावर चालतं, बुद्धी, आयुष्य, बळ वाढवतं असं म्हटलंय. पण ते भस्माबद्दल, बोटातल्या अंगठीबद्दल नाही. अंगठीचा कारभार ज्योतिषाचा. केतूचं रत्न, नजर लागू नये, अचानक संकट टळावं, आणि महादशा आली तर सात वर्षं बोटात. खालून बैठक उघडी ठेवायची, कारण खडा कातडीला लागला पाहिजे. वजन सव्वा पाच रत्ती. कुठली रत्ती, हे मात्र चिठ्ठीत कधीच नसतं. सोनाराची रत्ती सुमारे 121 मिलिग्रॅम, खडेबाजारातली सुमारे 182. केतूला कोणती चालते ते मी अजून कुणाकडून ऐकलेलं नाही. अंगठीने आजार बरा झाल्याचा वैद्यकीय पुरावा नाही, हे मी विचारलं तर सांगतो. न विचारता सांगत नाही. धंदा आहे, खोटं कशाला बोलू.

सफारीहून आलेली पोरं टायगर आयचं ब्रेसलेट घेऊन येतात, ‘काका, वाघाचा डोळा, ताकद देतो म्हणे’. तो क्वार्ट्झ आहे, बराचसा दक्षिण आफ्रिकेतला, लोखंडाच्या गंजाने पिवळा-तपकिरी झालेला. आतले तंतू मुळात निळ्या ॲस्बेस्टॉसचे, म्हणून तो पाण्याखालीच घासायचा असतो. घातल्याने काही होत नाही. दोनशे रुपयांत छान दिसतो, घाला.

खरा त्रास काचेचा. 2009 साली बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याकडून मी बारा लसण्यांची पुडी घेतली. रेघ अशी धारदार की बघत राहावं. तिथेच संशय यायला हवा होता. घरी येऊन भिंगाखाली खडा आडवा धरला तर बाजूने मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं. काचेचे तंतू एकत्र वितळवून केलेला माल. बाराच्या बारा. त्यानंतर लसण्या म्हणून खपवलेला क्वार्ट्झ निवडायला मी मिथिलीन आयोडाइड या जड द्रवाची बाटली घेतली. त्यात क्वार्ट्झ तरंगतो, लसण्या बुडतो. काच ओळखायला भिंगच.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी महाल भागातल्या एक काकू चिठ्ठी घेऊन आल्या. केतू, लसण्या, सव्वा पाच, पंचधातू, मधलं बोट. नवऱ्याचं डायलिसिस सुरू होतं. पर्समधून औषधांच्या पावत्या काढून त्यांनी त्यातूनच पैसे मोजले. मी त्यांच्यासमोर खडा बाटलीत टाकला, बुडाला. भिंग दिलं. काट्यावर 4.78 कॅरेट, म्हणजे खडेबाजारातली सव्वा पाच रत्ती.

“भाऊ, गुण येईन ना जी?”

मी म्हणालो, “काकू, खडा खरा हाय. आजाराचं डॉक्टर सांगतीन.”

हे खरं होतं, आणि ऐकून त्यांचं समाधान झालेलं मला दिसलं, आणि ते समाधान माझ्या उत्तरातल्या पहिल्या अर्ध्याचं होतं हेही दिसलं. मी दुसरा अर्धा परत म्हणालो नाही.

चार महिन्यांनी त्या आल्या, अंगठी सैल होते म्हणून. एक माप कमी केलं. दिवाळीनंतर परत आल्या. मी आणखी एक माप कमी केलं, पैसे घेतले नाहीत, त्यांनी आग्रह केला नाही. उन्हाळ्यात तिसऱ्यांदा आल्या, तेव्हा अंगठी रुमालात बांधलेली होती. म्हणाल्या, मोडायची आहे. कपाळाकडे मी बघायचं टाळलं.

खडा काढला, कोमट पाण्याने पुसला, भिंगाखाली धरला. कुठे चरा नाही. टॉर्चखाली दूध आणि मध तसंच. काट्यावर ठेवला.

4.78.