तुम्ही विचारलंत म्हणून : बादशहांना शिकारीशिवाय दुसरा उद्योग नव्हता का?

मुघल लघुचित्रं कशी पाहायची, यावर मी अधूनमधून बोलते. पडद्यावर एकामागून एक चित्रं सरकत असतात. अकबर आणि चित्ते, जहांगीर आणि वाघ, नीलगायीवर रोखलेली बंदूक, हातावर बसलेला बाज. पाचव्या-सहाव्या चित्राशी मागच्या रांगेतून कुणीतरी विचारतंच, "अहो मॅडम, या लोकांना दुसरा काही उद्योग नव्हता का?" विचारणाऱ्याच्या आवाजात थोडा वैताग असतो. त्याचं मला वाईट वाटत नाही, कारण चित्रं बघून मलाही कधीकधी तसंच वाटतं. पण "तेव्हाची पद्धतच होती" एवढं बोलून पुढचं चित्र लावायचं, हे काही बरं नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हा आक्षेप अकबराच्या काळीही लोक घेत असणार. नाहीतर अबुल फजलला त्याचं उत्तर लिहून ठेवायची गरज पडली नसती. 'आईन-ए-अकबरी'त तो म्हणतो, की वरवर पाहणाऱ्यांना शिकार म्हणजे जीव घेण्याची मौज वाटते, पण बादशहा शिकारीच्या निमित्ताने आगाऊ खबर न देता मुलखात जातो, प्रजेची आणि फौजेची काय हालत आहे ते बघतो, जुलूम करणाऱ्यांना शिक्षा करतो. आता अबुल फजल हा दरबारचा पगारी माणूस. मालकाच्या शौकाला तो कारभाराची झूल पांघरणारच. तरी हे सगळं त्याने रचून सांगितलं असंही म्हणता येत नाही.

1564 सालचंच बघा. भर पावसाळ्यात अकबर नरवरच्या जंगलात हत्ती धरायला म्हणून निघाला. हत्ती धरलेही. पण तिथून त्याने मोर्चा वळवला तो थेट माळव्यात, मांडूकडे. तिथला सुभेदार अब्दुल्ला खान उझबेक डोईजड झाला होता. बादशहा शिकारीला गेलाय म्हणून निर्धास्त असलेला हा माणूस शेवटी गुजरातेत पळाला. त्याच्या दोन वर्षं आधी आग्र्यापासून फार लांब नसलेल्या साकीट परगण्यात शिकार चालू असताना एक ब्राह्मण फिर्याद घेऊन आला, की परौंख गावच्या लुटारूंनी माझा मुलगा मारला. शिकार राहिली बाजूला, अकबर स्वतः त्या गावावर चालून गेला आणि तिथे चांगलीच लढाई झाली. शिकारीचा लवाजमा म्हणजे अर्धी फौजच असायची, तेव्हा लढाईसाठी वेगळी तयारी करावी लागत नसे. हत्यारंही तीच. अकबराची 'संग्राम' नावाची आवडती बंदूक होती, तिने त्याने सावजं टिपली आणि 1568 मध्ये चितोडच्या वेढ्यात जयमल राठोडलाही तिनेच टिपलं, असं अबुल फजल लिहितो.

हे सगळं जिथे एका जागी दिसतं, ती म्हणजे कमरगाह. ही पद्धत मंगोलांची, चंगेजखानाच्या वेळेपासूनची. कित्येक मैलांचा घेर धरून माणसं उभी करायची, हाकारा करत घेर आवळत आणायचा, आणि जनावरं मधल्या रिंगणात कोंडली की आधी राजाने आत शिरायचं. मंगोलांकडे रिंगणातून एखादं जनावर निसटू दिलं तर ज्याच्या बाजूने निसटलं त्याला शिक्षा होत असे. कारण उघड आहे. शत्रूला वेढताना फट राहू नये, ही कवायत इथे हरणांवर चालायची.

अकबराने 1567 मध्ये लाहोरजवळ अशी कमरगाह केली. हाकाऱ्याला हजारो माणसं लागली आणि ते काम महिनाभर चाललं. कोंडलेली जनावरं पंधरा हजारांच्या घरात होती, असं त्या काळचे लेखक सांगतात. मग पाच दिवस एकटा अकबर रिंगणात. तीर, तलवार, भाला, बंदूक, फास, सगळं वापरून झालं. त्यानंतर पायरीपायरीने मोठे अमीर, मग दरबारी, मग शिपाईगडी. दरबारात कोण कुठे उभा राहतो त्यावरून त्याची पत कळायची, तशी इथे कोण कितव्या दिवशी आत जातो त्यावरून.

याचं चित्र 'अकबरनामा'च्या, म्हणजे अबुल फजलने लिहिलेल्या अकबराच्या इतिहासाच्या, हस्तलिखितात आहे. रचना दरबारी चित्रकार मिस्कीनची, आणि ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बघणाऱ्याची नजर मधे जाते, घोड्यावरच्या अकबराकडे आणि चारी दिशांना उधळलेल्या हरणांकडे. मी सगळ्यांना कडेला बघायला सांगते. तिथे डोकं भादरलेला एक माणूस गाढवावर बसवलेला आहे. हा हमीद बकरी. याने दरबारच्या एका माणसावर बाण सोडला. अकबराने स्वतःची तलवार कुलीज खानाच्या हाती दिली आणि याचं मुंडकं उडव म्हणाला. दोन घाव घातले, पण त्याला इजा झाली नाही. मग दैवाचीच इच्छा दिसते म्हणून जीव वाचला आणि त्याऐवजी मुंडण करून शिकारीच्या मैदानात धिंड निघाली. शिकारीच्या चित्रात चित्रकाराला ही धिंड काढावीशी वाटली, कारण बघायला आलेल्यांनी काय बघायचं होतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महिनाभर हजारो माणसं एका ओळीत धरून ठेवता येतात, त्यांना खायला घालता येतं, बेशिस्त करणाऱ्याला जागेवर शिक्षा होते. हे ज्याला जमतं त्याच्याशी वैर धरायचं का, याचा विचार आजूबाजूच्या जमीनदारांनी करावा!

आणि याच्या उलट काय झालं तेही वाचण्यासारखं आहे. 1578 मध्ये पंजाबातल्या भेऱ्याजवळ पुन्हा कमरगाह लागली होती, घेर आवळत आला होता, आणि अकबराने एकाएकी सगळं थांबवलं. एका झाडाखाली त्याला काहीतरी अनुभव आला. कुणीही पाखराच्या पिसालाही हात लावायचा नाही, सगळी जनावरं मोकळी सोडा, असा हुकूम सुटला. गोरगरिबांना पैसे वाटले. अबुल फजलने यावर अर्थातच भक्तिभावाने लिहिलंय. अकबराच्याच दरबारातला दुसरा इतिहासकार बदायुनी मात्र खोचक, आणि त्याने दिलेली माहिती मला जास्त मोलाची वाटते. तो सांगतो की ही बातमी पूर्वेकडे पसरली तसं लोकांमध्ये वाट्टेल त्या अफवा उठल्या, रयतेत काही ठिकाणी दंगेही झाले आणि ते लगेच मोडून काढावे लागले. बादशहाने एक शिकार अर्धी सोडली तर लांबच्या मुलखात गडबड होते. निव्वळ करमणूक असती तर कुणाला काय फरक पडला असता?

आता चित्त्यांचं. यावर मला थांबवलं नाही तर तासभर बोलेन. चित्ता पिंजऱ्यात सहजासहजी पिलं देत नाही, त्यामुळे तेव्हा चित्ते रानातूनच धरावे लागत. त्यासाठी त्याच्या नेहमीच्या वाटेवर खड्डा खणून वर गवत पसरायचे. पण खोल खड्ड्यात पडून जनावराचा पाय मोडायचा, आणि पाय मोडका चित्ता काय कामाचा? अकबराने खड्ड्याची खोली कमी करून वर आपोआप मिटणारं दार बसवायची युक्ती काढली, असं 'आईन' सांगते. पूर्वी शिकवायला दोन-तीन महिने लागत, ते काम अठरा दिवसांवर आणलं, असंही त्यात आहे. शिकवलेल्या चित्त्यांना दर्जे होते आणि दर्जाप्रमाणे रोजचं मांस ठरलेलं. शिकारीला नेताना डोळ्यांवर टोपी, अंगावर झूल आणि बसायला गाडी. सांगानेरजवळ एक चित्ता काळविटामागे धावताना भलीमोठी घळ एका झेपेत ओलांडून गेला, तर अकबराने त्याला चित्त्यांचा सरदार केलं आणि यापुढे याच्यासमोर नगारा वाजवत चला म्हणून सांगितलं.

जहांगीर लिहितो की वडिलांनी एका वेळी हजारभर चित्ते जमवले होते, पण कोठीत त्यांची जोडी कधी जमली नाही. त्याच्या स्वतःच्या काळात एक नर गळपट्टा सोडवून मादीकडे गेला आणि तीन पिलं झाली, तर त्याने ते नवल म्हणून टिपून ठेवलं. म्हणजे हजार चित्ते कोठीत याचा अर्थ रानातले तेवढे कायमचे कमी, त्यांच्या पुढच्या पिढ्यांसकट. पुढे काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्या संस्थानात विसाव्या शतकातही चित्त्यांकडून काळविटांची शिकार व्हायची, पण तोवर चित्ते आफ्रिकेतून मागवायची पाळी आली होती. चित्ता संपायला मुघल एकटे जबाबदार नाहीत. गवताळ रानं नांगराखाली गेली, नंतर बंदुका वाढल्या. पण सुरुवातीचा हिशेब त्यांच्या खात्यावर मांडावाच लागतो.

जहांगीर हा या सगळ्यातला माझा आवडता, आणि सगळ्यात जास्त राग येतो तोही त्याचाच. 1616 च्या सुमारास त्याने आपल्या शिकारीचा हिशेब काढायला लावला. वयाच्या बाराव्या वर्षापासून त्याच्यासमोर 28,532 सावजं पडली होती, त्यातली 17,167 त्याने स्वतः मारलेली. वाघ-सिंह 86, नीलगायी 889, कबुतरं दहा हजारांवर, आणि कावळेसुद्धा! नोंदी ठेवण्याची ही खोड त्याला शिकारीपुरती नव्हती. मारलेला सिंह तो फाडून बघायचा. हा प्राणी एवढा शूर कशाने, म्हणून त्याचं पित्ताशय कुठे असतं ते त्याने पाहिलं आणि लिहून ठेवलं. त्याचं एक लाडकं माणसाळलेलं काळवीट होतं, मनसराज. ते मेलं तेव्हा लाहोरजवळच्या आजच्या शेखूपुऱ्यात त्याची कबर बांधली, मिनार उभारला आणि त्या रानात हरणाची शिकार बंद केली. तो हिरन मिनार अजून उभा आहे.

आणि हाच माणूस 1610 मध्ये एका नीलगायीवर नेम धरून बसला असता मधेच एक मोतद्दार (घोड्याचा चाकर) आणि दोन कहार (पालखीचे भोई) आले, नीलगाय पळाली. जहांगीरने मोतद्दाराला जागच्या जागी मारायला लावलं, कहारांच्या पायांच्या शिरा तोडून त्यांना गाढवावरून छावणीभर फिरवलं. हे कुणा शत्रूने लिहिलेलं नाही. त्याच्या स्वतःच्या आठवणींत आहे, आणि पुन्हा कुणाची अशी हिंमत होऊ नये म्हणून केलं, एवढंच त्यावर स्पष्टीकरण. मनसराजच्या मिनाराचे फोटो दाखवले की लोक हळहळतात. त्याच्या लगेच मागे मी हा प्रसंग सांगते, मुद्दाम.

"बायका जायच्या का हो?" असंही विचारतात. जायच्या. 1617 मध्ये नूरजहानने हत्तीच्या अंबारीतून सहा गोळ्यांत चार वाघ पाडले आणि खूश झालेल्या नवऱ्याने तिला लाखाच्या बांगड्या दिल्या. वाघ-सिंह मारणं हा बादशहाचा खास अधिकार असायचा, तेव्हा तिला ते करू देणं याचा अर्थ दरबारात सगळ्यांना कळला असणार.

अर्थात वाघ-सिंहाच्या शिकारीत नेहमी एवढा पराक्रम असायचा असं नाही. फ्रेंच वैद्य बर्निए औरंगजेबाच्या काळात इथे होता. त्याने सिंहाच्या शिकारीचं वर्णन केलंय. सिंहाच्या रानात रोज एक गाढव बांधून ठेवायचे. त्याला खाऊन सिंह तिथेच रमला, की शेवटच्या गाढवाला भरपूर अफू चारायचे. ते खाऊन सिंह सुस्तावला की भोवती जाळी लावून बादशहाला बोलवायचे. सिंह निसटला तर राज्याला अपशकुन. तेव्हा एवढी तजवीज का, ते समजतं. (गाढवाला कुणी विचारलं नाही.) औरंगजेबाच्या पत्रांत शिकार हे रिकामटेकड्यांचं काम असल्याचं वाक्य सापडतं, म्हणजे मागच्या रांगेतला वैताग त्यालाही होता. पण सिंहाला तोही जायचाच.

आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी, बऱ्हाणपुरात, अकबराचा मुलगा दानियाल होता. शिकारीचा आणि दारूचा सारखाच षौकीन. आवडत्या बंदुकीला त्याने नाव दिलं होतं 'यका-उ-जनाजा', म्हणजे जिची गोळी लागली तो सरळ तिरडीवर. दारू बंद करा म्हणून अकबराचं फर्मान आलं आणि सासरे अब्दुर्रहीम खानखाना यांनी (दोह्यांचे रहीम ते हेच) पहारे बसवले. तेव्हा दानियालने नोकराला गळ घालून त्याच बंदुकीच्या नळीतून दारू आणवली. नळीतला गंज आणि दारूगोळ्याचा अंश त्या कडक दारूत उतरला, आणि 1605 मध्ये तो गेला. जहांगीरने भावाची ही गोष्ट बंदुकीच्या नावासकट लिहून ठेवली आहे.

तर, नाद होता का? होता, जबरदस्त होता. कारभार ही शिकारीची सबब होती आणि शिकार ही कारभाराची. कुठली सबब कधी पुढे करायची हे त्यांना नेमकं कळायचं. जहांगीरच्या नवसात तर दोन्ही एकत्र आलंय. पन्नाशी आली की आपल्या हाताने जीव मारायचा नाही, असं त्याच्या मनात होतं. लाडका नातू शुजा अत्यवस्थ झाला तेव्हा त्याने तो नवस बोलला, पोरगं वाचलं, आणि काही वर्षं त्याने खरंच बंदूक उचलली नाही. मग त्या शुजाचा बाप खुर्रम, पुढचा शाहजहान, बापावर उलटला. जहांगीरने बंदूक परत हातात घेतली, शिकार सुरू केली, आणि महालात कुणीही बंदुकीशिवाय राहू नये असा हुकूम काढला. थोड्याच दिवसांत बहुतेक नोकरमाणसांना नेमबाजीची गोडी लागली, असंही तो समाधानाने लिहितो.