शिकेरीच्या बुरुजाखालच्या शंकरपाळ्या

आग्वादला येणारी बहुतेक मंडळी वरच्या किल्ल्यात शिरतात, १८६४ सालच्या दीपस्तंभापुढे फोटो काढतात आणि कळंगुटच्या वाटेला लागतात. लाटा बघायच्या असतील तर मात्र खाली शिकेरीला उतरावं. १६१२ सालच्या या किल्ल्याचा एक गोल बुरूज तिथे थेट पाण्यात घुसलाय. गोव्यात लाटेचं परावर्तन इतकं स्वच्छ दिसणारी जागा माझ्या बघण्यात दुसरी नाही.

जायचं ते सकाळी, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. सूर्य पाठीशी असतो, त्यामुळे पाण्यावर चकाकी येत नाही. दुपारचा खारा वारा सुटला की त्याच्या बारीक लाटा सगळी नक्षी विस्कटून टाकतात. सूर्यास्ताला इथे गर्दी भरपूर, दिसत काहीच नाही. पावसाळ्यात नुसता फेस असतो.

भरतीची वेळ आधी बघून ठेवा, कारण ओहोटीला पाणी भिंतीपासून दूर जातं आणि लाट वाळूवरच मरते. तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढायचा आपला कोकणी हिशोब इथे जरा चुकतो. भरतीची लाट पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे गोव्यात ती मुंबईच्या आधी पोचते. म्हणून कोष्टक मुरगावचं घ्यावं. भरती संपण्याआधीचा तास उत्तम.

आता बुरुजाच्या बाजूच्या सरळ तटाकडे बघा. लाट तिरकी येते, भिंतीवर आपटते आणि ज्या कोनात आली त्याच कोनात दुसऱ्या बाजूला निघते. येणारी आणि परतणारी लाट एकमेकींना छेदतात, आणि पाण्यावर शंकरपाळ्या कापल्यासारखे चौकोन उमटतात. जिथे दोन शिखरं एकावर एक येतात तिथे पाण्याचा टोकदार उंचवटा क्षणभर उभा राहतो. गोल बुरुजापाशी मात्र चौकोन दिसत नाहीत. फुगीर भिंतीवरून परतलेली लाट पंख्यासारखी पसरते आणि पसरता पसरता विरते.

लाट समोरून सरळ आली तर मजा वेगळी. भिंतीपाशी पाणी येणाऱ्या लाटेच्या जवळजवळ दुप्पट खाली-वर होतं. अर्ध्या मीटरची लाट तिथे मीटरभर चढउतार दाखवते. बुरुजाच्या कडेला उभं राहून फोटो काढणारे भिजतात ते याच हिशोबाने. भिंतीपासून पाव लाटलांबीवर, म्हणजे दोन शिखरांमधल्या अंतराच्या चौथ्या हिश्शावर, उलट प्रकार: पृष्ठभाग जवळपास जागच्या जागी, पण पाणी आडवं पुढे-मागे धावतं. ४ सेकंदांची लाट (म्हणजे दर ४ सेकंदांनी एक शिखर) आणि २ मीटर पाणी असेल तर लाटेची लांबी साधारण १६ मीटर, म्हणजे ही जागा भिंतीपासून ४ मीटरवर. वाहत आलेलं नारळाचं सोडण नजरेत धरा. भिंतीजवळ ते उभं नाचतं, ४ मीटरवर आडवं हेलकावतं. समुद्राला उभी भिंत घातली की पुढची वाळू का जाते, याचं अर्धं उत्तर या हेलकाव्यात आहे.

ते ४ सेकंद मोजताना बरेचजण चुकतात. पहिल्या शिखराला ‘एक’ म्हटलं तर दहाव्यापर्यंत अंतरं नऊच होतात. पहिल्याला ‘शून्य’ म्हणावं, ‘दहा’ म्हणताना घड्याळ थांबवावं आणि दहाने भागावं. खोल पाण्यात लाटेची लांबी सेकंदांच्या वर्गाच्या १.५६ पट मीटर असते, त्यामुळे वेळेतली दहा टक्क्यांची चूक लांबीत एकोणीस टक्क्यांवर जाते.

बुरुजावरून तळ दिसतो तो फसवा. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि सरळ खाली बघितलं तरी मीटरभर पाणी पाऊण मीटर भासतं. तिरकं बघाल तर आणखी उथळ. उडी मारायचा विचारही नको.

तिथून पाळोळे. मडगावहून काणकोणची बस धरावी. रेल्वेनेही काणकोण स्थानक जवळच पडतं. इथे भिंत नाही, वळवणारा आहे तो तळ. प्रकाशाला जशी काच किंवा पाणी, तसं लाटेला पाण्याची खोली हेच वेगळं माध्यम. पाणी उथळ झालं की वेग घटतो: ४ मीटर पाण्यात सेकंदाला सुमारे ६.३ मीटर, १ मीटरमध्ये ३.१. तिरक्या लाटेचं किनाऱ्याकडचं टोक आधी मंदावतं, खोल पाण्यातलं टोक धावत राहतं आणि सगळी रांग किनाऱ्याकडे वळते. दोन लाटांमधला वेळ मात्र तोच राहतो. लांबी आखडते आणि उंची वाढते.

आकड्यांत सांगायचं तर, १० सेकंदांची लाट खोल समुद्रात किनाऱ्याशी ४० अंश तिरकी असेल तर २० मीटर पाण्यात कोन ३० अंशांवर येतो आणि २ मीटरवर जेमतेम १०. म्हणून लाटा नैर्ऋत्येकडून निघालेल्या असोत की हिवाळ्यात अरबस्तानाकडच्या वाऱ्यांनी वायव्येकडून ढकललेल्या, वाळूवर त्या जवळजवळ सरळच येतात. पाळोळ्याच्या अर्धगोलात शिरताना हीच रांग कमानीसारखी ताणली जाते. तेवढीच ऊर्जा जास्त लांबीवर वाटली गेल्याने लाटा मऊ होतात, आणि दोन्ही टोकांच्या खडपांवर त्याच भरात येऊन फुटतात. उत्तरेच्या टोकाला, काणकोण बेटासमोर, हे दोन्ही एका नजरेत मावतं. बेटाच्या आडोशालाही पाणी पूर्ण निवांत नसतं; लाट त्याच्या कडेवरून वळून मागे झिरपते. बेटावर ओहोटीला चालत जाता येतं, पण परतायची वेळ घड्याळात लावून ठेवा. शेजारचं अगोंद जास्त सरळ आणि उघडं, म्हणून तिथे लाट अंगावर येते. लाल बावटा दिसला तर पाण्यात पाय नको.

सिंधुदुर्गाकडे परतणार असाल तर गोव्याच्या उत्तर टोकाच्या केरीला तासभर थांबा. किनाऱ्यावर टाकलेल्या दगडांच्या बांधावर लाट आपटून परतते, पण शिकेरीच्या मानाने अशक्त. फटींत शिरलेलं पाणी तिथेच घुसळून ऊर्जा गमावतं. पुढे तेरेखोल नदीच्या मुखाशी तिसराच प्रकार: ओहोटीचा ओढ समोरून आला की लाटा आखूड आणि उभट होतात. खोल पाण्यातल्या लाटेच्या वेगाच्या पाव हिश्शाइतका उलटा प्रवाह असेल तर लाट पुढे सरकूच शकत नाही. वाऱ्याने उठलेल्या ३ सेकंदांच्या लाटेला त्यासाठी सेकंदाला १.२ मीटरचा ओढ पुरतो. उधाणाच्या ओहोटीत मुखावर खडबडीत पाण्याचा पट्टा आणि त्याच्या आत एकदम सपाट नदी दिसली, तर ती रेघ हीच. केरीच्या काठावरून ती बघायला दुर्बीण लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे दोन दिवस गाठले म्हणजे झालं.